तळाशी साचलेलं

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

माझी नात जपानी लिपीतली जी पहिली दोन अक्षरं वाचायला शिकली, ती तिच्या नावाची नव्हती. ती होती 'कोमुगी' या शब्दाची. कोमुगी म्हणजे गहू. 'को' म्हणजे लहान आणि 'मुगी' म्हणजे सातू-गव्हाच्या कुळातलं धान्य. सातूला ते मोठं मुगी म्हणतात आणि गव्हाला लहान. नागोयाच्या दुकानात ती सहा वर्षांची पोर प्रत्येक पाकीट उलटं करायची, बारीक अक्षरांतून बोट फिरवायची आणि ती दोन अक्षरं दिसली की पाकीट मुकाट्यानं जागेवर ठेवून द्यायची. रडणं नाही, हट्ट नाही. तिनं हट्ट केला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिला सीलिअ‍ॅक हा आजार आहे. गव्हातलं, सातूतलं आणि राय या धान्यातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं, की शरीराची संरक्षण व्यवस्था आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नरस शोषून घेणारे. ते झिजून सपाट होतात. मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. २०२१ मध्ये पुण्यात निदान झालं तेव्हा ती चार वर्षांची होती आणि दोन वर्षांच्या मुलीएवढी दिसत होती. यावर गोळी नाही. औषध एकच, गहू बंद, आणि तो जन्मभर.

ग्लुटेन म्हणजे काय, हे डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितलं आणि माझ्या बेगमनं एका मिनिटात मराठीत समजावलं. कणकेचा गोळा घ्या आणि पाण्याखाली धरून चोळत राहा. पांढरं पाणी वाहून जातं, ते पिष्ट. शेवटी हातात रबरासारखं चिवट काहीतरी उरतं, ते ग्लुटेन. त्याच्या जोरावर पोळी लाटता येते, पाव फुगतो, शेवया ताणल्या तरी तुटत नाहीत. ज्वारीत हे नाही. म्हणून ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी घालावं लागतं आणि भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. आम्ही लातूरकडची माणसं. भाकरीच्या मुलखात जन्मलेली मुलगी म्हणजे अर्धी लढाई जिंकलेली, असं मला वाटलं होतं. ईदच्या शीरखुर्म्यासाठी आम्ही तांदळाच्या शेवया शोधून काढल्या. पोळीवाचून तिचं अडलं नाही.

मग २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली आणि दुसऱ्याच दिवशी तिचं पोट फुगलं. उलट्या झाल्या. घरात गव्हाचा कणही तिच्या वाट्याला गेला नव्हता. आदल्या रात्री तिच्या मामीनं मोठ्या हौसेनं फ्राईड राईस केला होता. तांदूळ, गाजर, कोबी, पातीचा कांदा. यात गहू कुठून येणार? सून बिचारी रडायला लागली. शेवटी मी चष्मा लावून कपाटातल्या एकेक बाटलीवरचा मजकूर वाचला. सोया सॉसच्या बाटलीवर लिहिलेलं होतं: पाणी, मीठ, सोयाबीन, गहू.

मी उभा जन्म सोयाबीनच्या जिल्ह्यात काढला. मोंढ्यात सोयाबीनच्या थप्प्यांमधून वाट काढत चाललो. पण ज्या सॉसच्या नावातच सोया आहे, त्यात गहू असतो, हे मला ठाऊक नव्हतं. आणि २०२३ मध्ये जावयाची बदली झाली ती नेमकी जपानला! ज्या देशात माशापासून भाजीपर्यंत आणि शेवयांपासून भातापर्यंत सगळ्याला हा सॉस लागतो, त्या देशाला. मुलगी फोनवर म्हणाली, "अब्बा, इथे हिला भूक लागली की मला धडकी भरते."

त्या नोव्हेंबरात आम्ही दोघं महिनाभर नागोयाला गेलो. तिथं जे पाहिलं, विचारलं आणि नंतर वाचलं, ते आज सांगतो.

जपानीत सोया सॉसला 'शोयू' म्हणतात. सतराव्या शतकात डच व्यापारी नागासाकीहून हा शोयू बाहेर नेऊ लागले. त्यांच्या तोंडी त्याचं 'सोया' झालं आणि पुढे ज्या दाण्यापासून तो बनतो त्या दाण्यालाही तेच नाव चिकटलं. म्हणजे सोयाबीनपासून सोया सॉसला नाव मिळालं नाही, सॉसपासून दाण्याला मिळालं. आपल्याकडे लेकावरून बापाला ओळखतात, त्यातला प्रकार.

जपानी मानकांप्रमाणे शोयूच्या पाच जाती आहेत. सर्वांत जास्त खपणारी 'कोइकुची'. एकूण उत्पादनात तिचा वाटा ऐंशी टक्क्यांहून अधिक. तिच्यात सोयाबीन आणि गहू जवळजवळ निम्मे-निम्मे असतात. आणि एक जात आहे 'तामारी'. तिचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. ती जवळपास निव्वळ सोयाबीनची, गहू नाही किंवा नावापुरता. आमच्या नशिबानं ही तामारी होते ती आइची, गिफू आणि मिए या तीन प्रांतांत, आणि नागोया हे आइचीचंच मुख्य शहर. ज्याच्यासाठी मुलगी जीव टाकत होती, ते तिच्या घरापासून लोकलनं तासाभराच्या आतबाहेर तयार होत होतं.

तामारी हे नाव 'तामारू' या क्रियापदावरून आलं. तामारू म्हणजे साचणं. हे कळलं तेव्हा मी रस्त्यात थांबलो. लोणच्याच्या बरणीत फोडींखाली जो रस साचतो त्याला आपण खार म्हणतो. तामारी हा खारच आहे. फक्त कैरीच्या लोणच्याचा नव्हे, सोयाबीनच्या मिसोचा. मिसो म्हणजे मीठ घालून मुरवलेला सोयाबीनचा घट्ट गोळा. आपली आमटी तशी त्यांची मिसोची कढणं रोजची. तो मुरताना तळाशी काळसर पाणी साचतं. कुणीतरी ते चाखलं आणि टाकून दिलं नाही.

ते कुणी चाखलं याचीही कथा तिथे सांगतात. काकुशिन नावाचा बौद्ध भिक्षू तेराव्या शतकात चीनला गेला, १२५४ साली परतला आणि येताना तिथल्या मठातली मिसो करण्याची रीत घेऊन आला. त्याचा मठ आजच्या वाकायामा प्रांतातल्या युरा इथे. जवळच्या युआसा गावात मिसो करताना तळाशी साचलेला हा रस रुचकर लागला आणि त्यातून पुढे शोयू निघाला. गावोगावच्या मंदिरांच्या आणि दर्ग्यांच्या आख्यायिकांवर पोसलेला मी माणूस. अशा कथेला पुरावा मागत नाही. पण नावाचा अर्थ कथेच्या बाजूनं साक्ष देतो, एवढं खरं.

चिता नावाचं द्वीपकल्प नागोयाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलं आहे. त्यावर ताकेतोयो नावाचं गाव आहे, मिसो आणि तामारीसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. जावयानं तिथल्या एका छोट्या कारखान्यात आधी फोन करून विचारलं होतं. कारखाना कसला, काळ्या लाकडी भिंतींची वखारच. आत पाऊल टाकताच जो वास आला तो मी ओळखला. आमच्या अम्मीच्या कोठीत, उन्हाळ्यात घातलेली लोणची, चिंचेचे गोळे आणि गुळाच्या ढेपा एकत्र ठेवलेल्या असत, तो वास. मालक सत्तरीचे. नातीला पाहून त्यांनी आधी विचारलं, "हिला नक्की काय चालत नाही?" गहू म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि ते पहिलं वाक्य बोलले ते असं: तामारी म्हणजे बिनगव्हाची, असं समजू नका. कारखान्यागणिक फरक असतो. ते का, ते पुढे येईलच.

आता कृती. सोयाबीन धुऊन भिजवतात, पण मोजूनमापून, फार पाणी पिऊ देत नाहीत. मग वाफेवर शिजवतात. शिजलेले दाणे दाबून त्यांचे लहान लहान गोळे करतात. त्यांना 'मिसोदामा' म्हणतात. गोळेच का? गव्हाचा शोयू करताना सोयाबीनवर भाजून भरडलेला गहू पसरतात. तो वरचा ओलावा टिपून घेतो आणि दाणे मोकळे राहतात. तामारीत गहू नाही, तर ओला सोयाबीन नासायची भीती. गोळा केला की त्याच्या आत हवा पोचत नाही. तिथे दह्यातल्या जंतूंच्या जातीचे, आंबटपणा आणणारे जंतू वाढतात आणि त्या आंबटपणानं नासवणारे जंतू मागे हटतात. बाहेरून हवा असते, तिथे बुरशी वाढते. एकाच लिंबाएवढ्या गोळ्यात आत एक कारभार आणि बाहेर दुसरा.

ही बुरशीच सगळ्याची मालकीण. तिचं शास्त्रीय नाव अ‍ॅस्परजिलस ओरायझी. ती ज्यावर वाढवलेली असते त्या धान्याला 'कोजी' म्हणतात. भुईमुगाला बुरा आला की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं, हे आपले शेतकरी जाणतात. ते विष करणारी बुरशी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस, आणि कोजीची बुरशी तिची सख्खी नातलग. पण शेकडो वर्षं माणसानं निवडून-निवडून वाढवलेली कोजीची बुरशी ते विष करत नाही. लांडग्याचा कुत्रा झाला तसं. २००६ मध्ये जपानच्या मद्य-आंबवण शास्त्राच्या संस्थेनं तिला राष्ट्रीय बुरशी म्हणून जाहीर केलं. राष्ट्रीय पक्षी, राष्ट्रीय फूल आपण ऐकतो. बुरशीला हा मान देणारा देश मला आवडला.

या बुरशीचे बीजाणू गोळ्यांवर शिंपडतात. ते धुळीपेक्षा बारीक, सारखे पसरत नाहीत. म्हणून कशात तरी मिसळावे लागतात आणि मेख इथेच आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे भाजलेल्या सातूचं पीठ वापरतात. सातूत ग्लुटेनचाच भाईबंद असतो. काही ठिकाणी थोडा गहूही असतो. "थोडा" हा शब्द स्वयंपाकात चालतो, या मुलीच्या आतड्यात चालत नाही. या मालकांकडे ती भुकटी सोयाबीनचीच होती आणि वखारीत गहू येतच नव्हता. मुलीनं हे तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा विचारताना तिला संकोच वाटला, मालकांना वाटला नाही.

उबदार खोलीत तीन-चार दिवसांत गोळ्यांवर पिवळसर हिरवी मखमल चढते. वाढताना बुरशी स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे रात्री उठून पाहावं लागतं. फार तापलं तर सगळं वाया. मग हे गोळे पिंपात जातात. पिंपं देवदारासारख्या 'सुगी' नावाच्या झाडाच्या फळ्यांची, बांबूच्या पट्ट्यांनी आवळलेली, माणसाहून उंच. शंभर वर्षं वापरलेली पिंपंही कामात असतात. पूर्वी असं पिंप आधी वीस-तीस वर्षं 'साके' या त्यांच्या दारूसाठी वापरत आणि झिरपायला लागलं की शोयूवाल्याला विकत. मीठ लाकडात मुरून फटी बुजवतं. दारूच्या घरातून निघून मिठाच्या घरात नांदायला आलेली ही पिंपं. बेगमनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, तौबा केली त्यांनी. अशी पिंपं बनवणारे कारागीर मात्र संपत आले होते. शोदोशिमा बेटावरच्या एका शोयूवाल्यानं २०१२ मध्ये स्वतः ही कला शिकून घेऊन इतरांना शिकवायची चळवळ सुरू केली, ती जपानभर गाजली.

पिंपात कोजी आणि मीठपाणी. साध्या शोयूत पाणी जास्त, म्हणून तो लगदा पातळ असतो आणि लांब दांड्यानं ढवळता येतो. तामारीत पाणी फारच कमी. सोयाबीनच्या बरोबरीनं किंवा त्याच्या निम्म्यानं. लगदा इतका घट्ट की ढवळणं अशक्य. त्यावर नदीतले गोटे रचतात. जवळच्या ओकाझाकीत, किल्ल्यापासून आठ 'चो' म्हणजे सुमारे ८७० मीटरवर, हाच्चो मिसो नावाचा प्रसिद्ध मिसो होतो. तिथे सहा टन मिसोवर तीन टन दगड असतात आणि ते हातानं, एकावर एक असे रचतात की भूकंपातही ढिगारा ढासळत नाही. तामारीचे दगड त्या मानानं कमी, पण रीत त्याच घराण्याची.

मग ढवळायचं कसं? पिंपाच्या मधोमध एक पोकळ नळकांडं उभं असतं. लगद्यातलं पाणी झिरपून त्यात जमतं. ते पळ्यानं उपसायचं आणि वरच्या दगडांवरून परत ओतायचं. ते पुन्हा लगद्यातून झिरपत खाली जातं. हे पाहून मला मांजराचं उन्हाळ्यातलं पात्र आठवलं. नदी आटली की आम्ही वाळूत झिरा खणायचो आणि वाटीवाटीनं पाणी भरायचो. मालकांना झिरा म्हणजे काय ते जावयानं कसंबसं समजावलं. ते खूश झाले. म्हणाले, "अगदी तेच. घाई केली की गढूळ येतं."

हे एक वर्ष, दोन वर्षं, कधी तीन. मधल्या काळात पिंपात काय चालतं? बुरशी मिठात मरते, पण तिनं सोडलेली पाचकद्रव्यं काम करत राहतात. सोयाबीनमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं. ही पाचकद्रव्यं त्या लांबलचक साखळ्या तोडून सुटे मणी करतात. त्या मण्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातलं एक ग्लुटामिक आम्ल. टोकियोच्या विद्यापीठातले किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्रशेवाळाच्या कढणातून ते वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. चायनीजच्या गाड्यावर चिमटीनं टाकतात ती पांढरी पूड, अजिनोमोटो, याच शोधातून १९०९ मध्ये बाजारात आली. गाड्यावर जे चिमटीनं येतं ते पिंपात दोन वर्षांनी येतं, आणि सोबत आणखी बरंच काही घेऊन येतं. काळा रंगही बाहेरून घातलेला नसतो. साखर आणि अमिनो आम्लं यांची हळूहळू गाठ पडून तो चढतो. भाकरीवर तव्यात जे डाग पडतात तीच ही क्रिया, फक्त इथे विस्तव नाही, वेळ आहे.

गव्हाच्या शोयूत आणखी एक खेळ होतो. गव्हाच्या पिष्टाची साखर होते आणि मीठ सोसणारं यीस्ट तिचं मद्यार्क करतं. शोयूचा तो भुरळ पाडणारा सुवास बराचसा तिथला. त्यामुळे साध्या शोयूत आपोआप दोन-अडीच टक्के मद्यार्क तयार होतं. तामारीत साखरच कमी, म्हणून मद्यार्कही कमी आणि वासही मंद. चव मात्र दाट. हे मद्यार्काचं प्रकरण आमच्यासारख्यांच्या घरात साहजिकच निघतं. आंबवताना आपसूक झालेलं अल्प प्रमाण, व्हिनेगरसारखं, अनेक उलेमा चालवून घेतात. पण टिकावं म्हणून वरून मद्यार्क घालतात, त्यावर मतभेद आहेत. तसा घातलेला असला की बाटलीवर लिहिलेलं असतं. माझ्या मुलीनं एक नियम केला आहे. कोमुगीची दोन अक्षरं नातीनं शोधायची आणि मद्यार्काची तिनं. दोन्ही नसतील तीच बाटली घरात.

शेवटी पिंपाच्या तळाची बूच काढतात. कुठलाही दाब न देता जो रस आपणहून गळतो तो पहिल्या प्रतीचा. उरलेला लगदा कापडात घालून दाबून काढतात, तो त्यानंतरचा. मग गरम करून पाचकद्रव्यांचं काम थांबवतात आणि बाटलीत भरतात.

"गहू घालून आंबवला तरी त्याचं ग्लुटेन तुटूनच जातं की, मग एवढी भीती कसली," असं कुणी म्हणेल. आम्हालाही एका सुशिक्षित गृहस्थानं सांगितलं. तुटतं हे खरं. पण किती तुटलं आणि उरलेल्या तुकड्यांपैकी किती तुकडे आतड्याला डिवचतात, हे नेहमीच्या चाचणीत नीट कळत नाही, कारण ती चाचणी बहुतांशी अखंड प्रथिन ओळखायला बनवलेली. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ग्लुटेनमुक्त म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन हवं. चाचणीच डळमळीत असेल तर तो आकडा काय उपयोगाचा? म्हणून सुरुवातीलाच गहू नसलेला बरा. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात हीच गोष्ट दिसली होती. देशात पाव मिळेना, माणसं उपाशी, आणि याच आजाराची मुलं मात्र सुधारत होती. पाव परतला तशी ती पुन्हा खंगली. गव्हावर त्याचा आधीपासून संशय होता, तो पक्का झाला.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. बाजारात सोया सॉस म्हणून मिळणारं सगळंच काही आंबवलेलं नसतं. सोयाबीनची पेंड हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून, ते आम्ल मारून, रंग, मीठ आणि साखर घालून काही दिवसांत सॉस तयार होतो. या पद्धतीत नीट काळजी घेतली नाही तर ३-एमसीपीडी नावाचं घातक द्रव्य राहतं. २००१ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं काही सॉसबद्दल जाहीर इशारा दिला होता. बाटलीवर 'हायड्रोलाइज्ड' असा शब्द दिसला की हा तो प्रकार समजावा. गहू यातही असू शकतो.

निघताना मालकांनी विचारलं, तुमच्या गावी सोयाबीनचं काय करता? मी म्हटलं, विकतो. तेल काढतात आणि पेंड कोंबड्या खातात. ते काही बोलले नाहीत. मग नातीला त्यांनी एका बशीत थेंबभर तामारी आणि मूठभर भात दिला. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाटली उलटी करून स्वतः वाचली. त्या दिवशी तिनं दोनदा भात मागून घेतला. बेगम वखारीबाहेर जाऊन उभी राहिली.

आम्ही एक बाटली लातूरला आणली. ती आता मामीच्या ताब्यात आहे, गव्हाच्या पिठाच्या डब्यापासून लांब, वेगळ्या फळीवर. पहिल्या दिवशी बेगमनं एक चमचा मसुराच्या आमटीत घातली. आमटीला रंग छान आला, चव भरली, आणि सगळ्यांनी दोन-दोन तांबे पाणी प्यायलं, कारण मीठ तिनं नेहमीइतकंच घातलं होतं.